टिचकी

वहिनींनी डब्याचं झाकण उघडलं आणि त्यांचा हात तसाच राहिला. आदल्या दिवशी भरून ठेवलेली गांडुळं आत नव्हतीच. होता तो नुसता लगदा. हिरवा, तपकिरी, जांभळा, सगळे रंग एकमेकांत शिरलेले आणि तळाला चिकटून बसलेले. बोट लावलं तर तार निघाली.

"अहो, हे कुणी केलं?"

प्रश्न तसा वायाच होता. घरात माणसं दोन, आणि त्यातल्या एकानं हे केलेलं नव्हतं हे त्या एकाला पक्कं ठाऊक होतं.

सबूरराव खिडकीशी बसून रिळावर दोर गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. "काय झालं?"

"सवती एका डब्यात घातल्यात तुम्ही."

"मी?" त्यांनी रीळ मांडीवर ठेवलं. "असेल. घाईत झालं असेल. डोळे कुठं होते कुणास ठाऊक."

ही गांडुळं प्लास्टिकची, मासे पकडायची. घराच्या मागच्या खोलीत वहिनी भांड्यात प्लास्टिक वितळवत, त्यात रंग आणि चमकी टाकत, पाण्यात बुडावीत म्हणून चिमूटभर बारीक मीठ घालत आणि साच्यात ओतत. थंड झाली की बोटभर लांबीची मऊ गांडुळं निघत, हातात घेतली तर लुळी पडणारी. ही झाली नरम. दुसरी कारखान्यातून तयार येत, ती चिवट. ओढाल तेवढी ताणत आणि सोडली की पुन्हा जागच्या जागी. आपापल्या डब्यात दोघी वर्षानुवर्षं सुखानं राहत. पण एका डब्यात घातल्या की रात्रीतून विरघळून दोघींचा चिखल. या धंद्यात पडलेल्या प्रत्येकाला हे लवकरच कळतं, बहुतेकदा डबाभर माल गमावून. लग्न झाल्यावर सबूररावांनी बायकोला पहिला धडा दिला तो हाच. "या सवती आहेत. एका घरात नांदायच्या नाहीत."

दिसायला दोघी सारख्याच. ओळखायच्या त्या चिमटीनं. सबूरराव नजर पाण्यावर ठेवून मागे पिशवीत हात घालत आणि हवी ती बरोबर काढत. धुक्यात काढत, भर पावसात रेनकोटाच्या आत हात घालून काढत. इतक्या वर्षांत एकदाही चूक नाही. तेव्हा डोळे कुठं होते म्हणण्यात काही अर्थ नव्हता. हे काम डोळ्यांकडे कधी नव्हतंच.

वहिनींनी लगदा खरवडून टाकला आणि डबा घासायला घेतला. एरवी एवढ्या नुकसानीवर त्यांचं तोंड संध्याकाळपर्यंत चाललं असतं. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि सबूररावांना त्याचीच जास्त भीती वाटली.

सबूरराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव इस्पितळाच्या कागदांवर होतं, आणि तिथे त्या नावाचा पुकारा झाला की नक्की कुणाला बोलावतायत हे दोघांनाही क्षणभर कळत नसे. तळ्यावर त्यांची एक लहान बोट होती. हौशी लोकांना ते मासे पकडायला घेऊन जात आणि शिकवत. शिकवत म्हणजे एकच शब्द सांगत, सबूर. त्यावरून नाव पडलं. आणि त्यांची बायको ती सगळ्या तळ्याची वहिनी.

तळ्यावर बाकीचे लोक हातभर लांबीचे खोटे मासे धपाधप फेकत आणि पाणी ढवळून काढत. सबूररावांची रीत उलटी. केसासारखा बारीक दोर, इवलासा गळ, तो गांडुळाच्या बरोबर मधोमध टोचायचा, आणि शिसंबिसं काही नाही. पाण्यात टाकायचं आणि बसायचं. गांडूळ दोन्ही टोकं हलवत स्वतःच्या वजनानं सावकाश खाली जातं. "हलवायचं नाही," ते गिऱ्हाइकाला सांगत. "हलवायचा नुसता विचार करायचा. तेवढा दोराला पोचतो."

मासा काही हिसका मारत नाही. तोंडात घेतो, चव बघतो, पटलं नाही तर थुंकून टाकतो. त्याचं येणं कळतं ते दोरातून वर आलेल्या एका बारीकशा स्पर्शावरून. कुणी लांबून टिचकी मारावी तेवढाच. सबूरराव त्याला टिचकीच म्हणत. दोर तर्जनीवर टेकवून ते तिची वाट बघत. आधी झटका दिला तर मासा सुटला, नंतर दिला तर गेला. आणि पकडला की करायचं काय, तर हातात धरून बघायचं आणि परत पाण्यात सोडायचं. शेजारीपाजारी म्हणत, "खात नाही, विकत नाही, मग पकडतोस कशाला?" सबूरराव म्हणत, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? भेटतो आणि येतो."

मग त्यांच्या पोटात गाठ निघाली. एक औषध झालं, दुसरं झालं, गाठ कुणाला दाद देईना. तिसरं शिरेतून देतात ते सुरू झालं आणि गाठ आकसायला लागली. ते औषध सुरू करतानाच डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "हे हातापायांच्या नसांना धरतं. बोटं बधिर व्हायला लागली की मला लगेच सांगायचं. लपवायचं नाही. औषध थांबवावं लागेल, नाहीतर पुढे चालणंसुद्धा अवघड होऊन बसतं."

"आणि थांबवल्यावर?" वहिनींनी विचारलं होतं.

डॉक्टरबाई माणूस चांगल्या. खोटं बोलत नसत. "याच्या तोडीचं दुसरं माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या होत्या.

त्यानंतर दर खेपेला त्या विचारत, हातापायांना मुंग्या? बधिरपणा? आणि सबूरराव म्हणत, ठणठणीत. वहिनी शेजारी बसून मान डोलवत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आपल्या नवऱ्यानं खरोखरच मूठ झाकून धरलीय हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

डबा घासून झाला तेव्हा मात्र त्यांच्या मनात एकेक गोष्ट गोळा व्हायला लागली. हल्ली हे बटणांचे शर्ट घालत नाहीत, उकडतं म्हणतात. परवा चहाचा कप हातातून सुटला, निसरडा होता म्हणाले. गळाला दोर बांधायचं काम गिऱ्हाइकांनाच करायला लावतात, शिकले पाहिजेत म्हणतात. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि प्रत्येक कारण चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "मी पण येते बोटीत."

"तू? बोटीत तुला गरगरतं."

"नव्या साच्यातली गांडुळं पाण्यात कशी पडतात ते बघायचंय मला. ओतणार मी आणि बघणार तुम्ही एकटेच?"

त्या दिवशीचे गिऱ्हाईक म्हणजे एक विमेवाले. विमा विकून विकून त्यांचा कशावर विश्वास उरला नव्हता. बोट बुडणार नाही यावरही नाही. ते एकावर एक दोन तरंगती जाकिटं घालून मधे बसले. पुढच्या टोकाला सबूरराव, मागच्या टोकाला वहिनी. पाणी अगदी निवांत होतं. वहिनींनी गांडुळाकडे पाहिलंच नाही. त्यांचं लक्ष नवऱ्याच्या दोरावर होतं.

थोड्या वेळानं तो दोर पाण्याला टेकतो तिथे किंचित बाजूला सरकला.

आता मनगट वर जाणार. तो झटका त्यांनी आयुष्यभर पाहिलेला होता. मनगट वर गेलं नाही. सबूरराव तसेच बसून होते, मान थोडी कलती, कुणी आतल्या खोलीत हळू बोलतंय ते ऐकावं तशी. दोर अजून सरकला, ताणला आणि मग सैल पडला. मासा आला, चव घेऊन गेला, आणि ज्याची भेट घ्यायला आला त्याला पत्ताही लागला नाही.

पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी सबूररावांनी हळूच इकडेतिकडे पाहिलं, दोर उचलला आणि ओठांत धरला.

"हे काय हो?" विमेवाल्यांनी विचारलं.

"नवीन रीत आहे साहेब. ओठाला जास्त कळतं."

विमेवाल्यांचा बोटीवर विश्वास नव्हता, पण रीत नवीन आहे म्हटल्यावर त्यांनी लगेच आपलाही दोर तोंडात धरला. दोन मोठी माणसं तोंडात दोर धरून तळ्याच्या मधोमध गप्प बसली. आणि काय सांगावं, विमेवाल्यांनाच टिचकी आली. "आँ! आँ!" ते ओरडले, चष्मा नाकावरून उडाला, तो वहिनींनी वरच्यावर झेलला, आणि बरीच ओढाताण होऊन एक चांगला दांडगा मासा बोटीत आला. विमेवाले त्याला लेकरासारखं धरून बसले. सोडायला तयार होईनात.

"सबूरराव, तुमची विद्या! ओठाची काय युक्ती काढलीत! मी सगळ्यांना सांगणार."

सगळे हसले. वहिनीही हसल्या. हसता हसता रडू फुटेल असं वाटलं तेव्हा त्यांनी डबा घेतला आणि बोटीतलं पाणी बाहेर काढायला लागल्या. बोटीत पाणी नव्हतं.

काठाला उतरताना सबूररावांची एक चप्पल चिखलात राहिली आणि ते तसेच पुढे चालत गेले. "अहो, चप्पल!" वहिनींनी हाक मारली. त्यांनी वळून आपल्या पायाकडे पाहिलं. "अरेच्चा," ते म्हणाले. विमेवाले पुन्हा हसले, म्हणाले, मासा मी पकडला आणि भान यांचं हरपलं. वहिनींनी चप्पल उचलून धुतली. त्यांच्या डोक्यात तेव्हा फक्त हात होते.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला मागच्या खोलीत बसवलं. दोन गांडुळं घेतली, एक त्यांच्या डाव्या हातात दिलं, एक उजव्या.

"यातलं नरम कुठलं?"

सबूरराव हसले. "परीक्षा काय घेतेस?"

"सांगा तर."

त्यांनी दोन्ही चिमटी चोळल्या. मग त्यांनी गांडुळांकडे न पाहता बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे काही लिहिलंय का म्हणून. "डाव्या हातातलं," ते म्हणाले.

"दोन्ही नरमच आहेत," वहिनी म्हणाल्या.

ओट्यावर भांड्यातलं प्लास्टिक निवत होतं, त्यावर साय धरली होती.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. आधी टोकं गेली. मग वर चढत आलं. हातमोजा घातल्यासारखं वाटतं."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टरांना सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं!"

"म्हणून."

वहिनींनी दोन्ही गांडुळं त्यांच्या हातांतून काढून घेतली आणि डब्यात टाकली.

"अगं, बोटं गेली तर गेली," सबूरराव म्हणाले. "बोटांनी मी काय मोठे दिवे लावले? मासेच धरले आणि सोडले. मला अजून थोडं राहायचंय. इथंच. तू मागं भांडी आपटतेस, ते ऐकत. एवढंच."

"मी भांडी आपटते होय!" वहिनी म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना. सबूररावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात आपण ठेवलाय हे त्यांना बघूनच कळत असणार, असा विचार वहिनींच्या मनात आला आणि त्या आणखीच रडल्या.

रडणं संपल्यावर त्यांनी तोंड धुतलं आणि त्या कामाला लागल्या. "उद्याच जायचंय ना?"

"हं. आणि यावेळी नुसतं विचारणार नाहीत. डोळे मिटायला लावून बोटांना कापूस लावून बघणार म्हणाल्या होत्या."

"कळलं की काय म्हणायचं?"

"हो म्हणायचं."

वहिनींनी विचार केला. आपण करणार ते बरोबर नाही हे त्यांना कळत होतं. डॉक्टरबाई उगाच सांगत नसतात, चालणंही जातं म्हणाल्या होत्या. पण चालणं नंतर, आधी माणूस. बुडत्याला काडीचा आधार, आणि काडी कुजकी आहे का हे बुडणारा बघत बसत नाही. "मी शेजारीच बसते," त्या म्हणाल्या. "हात टेबलावर असतील, पाय खाली. त्यांनी कापूस लावला की मी पायानं टिचकी देईन. टिचकी आली की तुम्ही हो म्हणायचं."

सबूरराव खाली आपल्या पावलांकडे बघत राहिले.

"काय? जमेल ना?"

"जमेल की."

"कुठल्या पायाला देऊ?"

"कुठल्याही दे."

"आत्ता एकदा करून बघू या?"

"नको. दमलोय आज." ते उठले आणि भिंतीला हात लावत दाराकडे गेले. "उद्या होईल बरोबर. सबूर."

सकाळी वहिनींनी त्यांना बटणांचा शर्ट घातला. एकेक बटण स्वतः लावलं, कॉलर नीट केली. बूट नकोत, चपलाच घाला, त्या म्हणाल्या. मधे चामडं नको. अंगठ्याच्या पट्ट्यात वहिनींनीच त्यांचं पाऊल सरकवलं, चप्पल बसली की नाही ते दाबून बघितलं. एखाद्या स्पर्धेला निघावं तशी सगळी तयारी झाली होती. बसमध्ये त्यांनी दोनदा विचारलं, "लक्षात आहे ना?" दोन्ही वेळा सबूररावांनी मान हलवली.

डॉक्टरबाईंची खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या एका बाजूला, एक पलीकडे, भिंतीवर माणसाच्या आतल्या नसांचं मोठं चित्र. डॉक्टरबाईंनी आधी फोटो बघितले आणि त्यांचा चेहरा खुलला. "गाठ अजून लहान झालीय. औषध लागू पडतंय."

वहिनींना वाटलं, उठून त्यांचे हात धरावेत. एवढ्या दिवसांत त्या खोलीत ऐकलेली ही पहिली धड गोष्ट होती. आता फक्त एवढं पार पडलं की झालं.

"तेवढं बोटांचं बघून घेऊ," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी कापसाचा बोळा ओढून त्याची वात केली. "हात टेबलावर ठेवा. तळवे वर. डोळे मिटा. कुठे लागलं ते सांगायचं नाही, लागलं की नुसतं हो म्हणायचं. घाई नाही."

"घाई मला कधीच नसते," सबूरराव म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

टेबलाखाली वहिनींनी आपली चप्पल काढली आणि पाऊल नवऱ्याच्या पावलाशेजारी नेऊन ठेवलं. त्यांनी दोनदा दाराकडे पाहिलं. चोरी करायची सवय नव्हती.

डॉक्टरबाईंनी तर्जनीच्या टोकाला कापूस लावला. वहिनींनी अंगठ्यानं टिचकी दिली.

सबूरराव काही बोलले नाहीत.

हळू झाली असेल. डॉक्टरबाई मधल्या बोटाकडे गेल्या. वहिनींनी या वेळी जोर लावला. अंगठा त्यांच्या पायाच्या बोटांवर दाबला आणि दाबूनच धरला. सबूररावांचा चेहरा त्यांच्याकडे अर्धा वळलेला होता. मान किंचित कलती, भुवया थोड्या वर, तोंडावर तीच शांतता. बोटीत असायची ती. ते वाट बघत होते. बायको खूण करणार, मग आपण हो म्हणणार, एवढ्या भरवशानं वाट बघत होते.

वहिनींना चिखलात राहिलेली चप्पल आठवली.

तरी त्या थांबल्या नाहीत. त्यांनी टाच उचलली आणि नवऱ्याच्या पावलावर ठेवली. मग सगळा भार दिला. कुणीही किंचाळला असता एवढा. टेबल हललं, त्यावरची पेन्सिल घरंगळत कडेपर्यंत गेली. कापूस करंगळीवरून फिरला, परत आला, अंगठ्यावर फिरला. वहिनी दात आवळून भार देत राहिल्या. त्यांच्या टाचेखाली पाऊल होतं, ऊबदार होतं, आणि त्यांच्या दाबण्याला काही उत्तर देत नव्हतं.

डॉक्टरबाईंचा हात हवेत थांबला. त्यांनी आधी पेन्सिलीकडे पाहिलं, मग वहिनींकडे. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी कापूस हळूच टेबलावर ठेवला.

सबूररावांचे तळवे अजून वर होते. बाहेर कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला.

"डॉक्टर," ते डोळे मिटूनच म्हणाले, "अजून सुरू नाही केलंत का?"

वहिनींनी आपला पाय काढून घेतला नाही. फक्त त्यावरचा भार कमी केला, आणि तो तिथेच राहू दिला.